अकरा नंबरचा ससा

१

दिवाळीला चार दिवस असताना मुंबईच्या रुग्णालयातून फॅक्स आला आणि आमच्या प्रयोगशाळेतलं काम थांबलं. वर्ष २००२. फॅक्स तीन ओळींचा होता. पाठवलेल्या सीरमने कुठल्याही कापावर रंग येत नाही. निरोगी माणसाच्या आतड्याच्या कापावरही नाही. दोनदा करून पाहिलं, खुलासा करावा.

पातकर मॅडमनी कागद माझ्यापुढे सरकवला. "राही, हे अकरा नंबरचंच ना?"

"अकराचंच. शेवटचं रक्त."

अकरा नंबर हा ससा होता. शेवटचं रक्त म्हणजे भूल देऊन सगळं रक्त एकदम काढून घेणं, त्यात ससा मरतो. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत शेवटच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि मागे सशांची शेड. एम.एस्सी. झाल्यावर मी जूनपासून तिथे लागले होते. शहापूरहून किन्हवलीमार्गे जीपने यायचे.

काम काय होतं ते आधी सांगते. आपली पेशी दोन होताना डीएनएची नक्कल काढते. नकलेत चुका होतात. त्या शोधून दुरुस्त करणारी काही प्रथिनं असतात. त्यातल्या एकाचं नाव एमएसएच-टू. काही घराण्यांत ते बिघडवणारा दोष पिढ्यान्‌पिढ्या येतो आणि तिशी-पस्तिशीतच आतड्याचा कर्करोग होतो. सशाला हे प्रथिन थोडं थोडं टोचलं की त्याच्या रक्तात त्याला नेमकं चिकटणारं प्रतिपिंड तयार होतं. रक्त गोठल्यावर वर उरणारं नितळ पाणी, म्हणजे सीरम, गाठीच्या पातळ कापावर टाकायचं आणि रंग द्यायचा. ज्या पेशीत प्रथिन आहे ती तपकिरी दिसते, नाही ती निळी. भोवतालच्या पेशी तपकिरी आणि गाठ तेवढी निळी राहिली, तर दोष घराण्यातला असण्याची शक्यता मोठी. मग त्या घरातल्या धडधाकट माणसांचीही दरवर्षी दुर्बिणीने तपासणी करायची, म्हणजे गाठ व्हायच्या आत सापडते.

असं पहिलं घराणं आमच्याच आवारात राबत होतं. सशांची निगा राखणारा धाऊकाका आणि शेड झाडणारी, गवत आणणारी त्याची बायको बाईजामावशी. धसईच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला त्यांचं घर. पहिल्या एसटीने दोघं यायची. धाऊकाकाची आई, भाऊ आणि बहीण पोटाच्याच दुखण्याने गेली होती. मुलगी रंजिता सव्वीस वर्षांची. तिची गाठ मेमध्ये काढली, पण रोग तोवर यकृतात गेला होता. तिच्या गाठीचा तुकडा मेणात बसवून रुग्णालयात ठेवलेला होता. तिला त्याचा उपयोग नव्हता. तिचा भाऊ भाविक वीस वर्षांचा होता, आणि नुसत्या संशयावर दरवर्षी दुर्बीण घालायला रुग्णालय तयार नव्हतं. त्यांना कापाचा निकाल हवा होता.

म्हणजे तो फॅक्स भाविकबद्दल होता.

"बाहेरून मागवलं तर चार-पाच महिने जातील," मॅडम म्हणाल्या. "शेवटचं रक्त शेखरने काढलं. शनिवारपर्यंत कारण सापडलं नाही तर मी त्याला ठेवू शकत नाही."

मी फ्रीज उघडला. त्याच रक्ताची एक बाटली आमच्याकडे राखून ठेवलेली होती. सीरम नितळ होतं, गवती रंगाचं. वास नाही, गाळ नाही. खराब झालेलं सीरम मी पाहिलं होतं. ते असं दिसत नाही.

२

शेखरदादा नऊ वर्षं तिथे तंत्रज्ञ होता. तो शेडच्या पायरीवर बसला होता.

"ये, चौकशी आयोग," तो म्हणाला. "बस."

"दादा, रक्त काढलंस त्या गुरुवारचं सगळं सांग. फालतू वाटेल तेसुद्धा."

"फालतूच होतं सगळं. साडेनवाला अकराला पिंजऱ्यातून काढला. वजन केलं, वहीत मांडलं. भूल दिली, रक्त काढलं. दहाला लाइट गेली. सीरम वेगळं केलं जनरेटरवर. तपासून पाठवायची पद्धत आहे, पण मॅडम म्हणाल्या आधीची चाचणी उत्तम आलेय, जाऊ दे. लडकूच्या हातात पेटी दिली. आन काय? हातमोजे जांभळे झाले माझे, नवी जोडी होती, ते पण लिहून घे."

"जांभळे कशाने?"

"कानाच्या शाईनं गो. धाऊकाका घालतो ना नंबर."

आमचे सगळे ससे पांढरे, लाल डोळ्यांचे, एकासारखा एक. डाव्या कानात जांभळ्या शाईने नंबर असायचा. तो पुसट होतो म्हणून धाऊकाका दर सोमवारी सगळ्यांचे नंबर पुन्हा काढायचा.

लडकू आमची पेटी कल्याणपर्यंत नेणारा जीपवाला. तो मी विचारायच्या आधीच बोलायला लागला.

"ताई, मी पेटी उघडली नाय. बर्फ फुल होता. टाइमात पोचवली, सही हाय माझ्याकडं. मागं एकदा कुणीतरी दह्याची बरणी ठेवली होती त्यात, ती मी नव्हतो."

"ती मॅडमची होती."

"बघा. आन आमच्यावर संशय."

शेडमागे बाईजामावशी गवताचे भारे बांधत होती. एक मोठा, एक लहान. धाऊकाका पिंजरे धूत होता. चार नंबरचा पिंजरा रिकामा दिसला.

"काका, चार कुठेय?"

"मेला," तो मान वर न करता म्हणाला. "झाले पंधरा दिवस. पुरला."

"हा लहान भारा कुणाला, मावशी?"

"घरी शेळीला," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बाय, कसली गडबड चाललेय? शेखरभाऊ असा का बसलाय?"

"एक बाटली खराब झाली," मी म्हणाले. मला घाई होती.

"रंजिता कशी आहे?" मीच पुढे विचारलं.

"कालधरनं पाणी पन नाय जात," ती म्हणाली आणि भाऱ्याची गाठ ओढली.

अकरा नंबरच्या रिकाम्या पिंजऱ्याच्या दाराला तारेवर एक पिवळा डाग होता. औषधाचा असेल असं वाटलं. तरी मी तो कापसाने टिपून घेतला. आमच्या शेडमध्ये पिवळं औषध नव्हतं.

३

त्या संध्याकाळी मी पुन्हा फ्रीजपाशी उभी राहिले. उष्णतेने किंवा गोठण्याने प्रतिपिंड मेलं असेल, तर सीरम कशालाच चिकटणार नाही. पण ते मेलेलंच आहे हे कुणी पाहिलं होतं? त्याला एमएसएच-टू ओळखता येत नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. दुसरं काही ओळखता येतं का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

शेडमध्ये दोन गट होते. सात ते बारा नंबर एमएसएच-टूसाठी, पण त्यांत एकट्या अकराचंच प्रतिपिंड कामाचं निघालं होतं आणि त्याचं आधीचं रक्त चाचण्यांत संपलं होतं. एक ते सहा कॉलेजच्या प्रात्यक्षिकांसाठी. त्यांना अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचं प्रथिन टोचलेलं होतं, कारण ते स्वस्त असतं.

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक अंडं आणलं.

काचेच्या बशीत आगरचा, म्हणजे शेवाळापासून केलेल्या जेलीचा, पातळ थर ओतला. मधोमध एक भोक पाडलं, त्यात अकरा नंबरचं शेवटचं सीरम. एका बाजूच्या भोकात एमएसएच-टू, दुसऱ्या बाजूला पाण्यात कालवलेला बलक. दोन्हीकडचे थेंब आगरमधून हळूहळू पसरतात. प्रतिपिंडाला त्याचं प्रथिन भेटलं, तर भेटीच्या जागी पांढरी रेघ उमटते. नाही भेटलं तर आगर कोरं राहतं.

शुक्रवारी सकाळी पहिल्या जीपने आले. बशी खिडकीशी धरली. एमएसएच-टूच्या बाजूला काही नव्हतं. अंड्याच्या बाजूला पांढरी, ठळक रेघ होती.

सीरम मेलं नव्हतं. ते दुसऱ्याच सशाचं होतं.

४

मॅडमनी बशी बराच वेळ पाहिली. शेखरदादा दारात उभा होता.

"म्हणजे मी बाटल्या बदलल्या?" तो म्हणाला.

"नाही. वजनाची वही दे," मी म्हणाले.

शेखरदादाचं अक्षर चांगलं होतं. सोमवारी अकरा नंबर, तीन किलो शंभर. गुरुवारी रक्त काढताना, दोन किलो सहाशे.

"रात्री उपाशी ठेवला होता," तो म्हणाला.

"एका रात्रीत ससा पाव किलोसुद्धा उतरत नाही, दादा. हा अर्धा किलो उतरला. आता सोमवारच्या यादीत दोन किलो सहाशे कोण आहे बघ."

त्याने बोट खाली नेलं. ते एकाच ठिकाणी थांबलं. चार नंबर.

"आणि नंबर सोमवारी घालतात," मी पुढे म्हणाले. "तीन दिवसांची शाई सुकलेली असते. तुझे मोजे गुरुवारी जांभळे झाले, कारण कानातली शाई त्या सकाळची होती. कुणीतरी चारचा नंबर पुसून अकरा घातला आणि त्याला अकराच्या पिंजऱ्यात ठेवलं. मग चारचा पिंजरा रिकामा झाला, म्हणून चार मेला असं सांगावं लागलं. मेला तो चारच, पण भुलीच्या टेबलावर."

"मग खरा अकरा कुठेय?" मॅडमनी विचारलं.

मी कापसाचा बोळा पुढे ठेवला आणि त्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला. पिवळा डाग लाल झाला.

"हळद," शेखरदादा म्हणाला. "पिंजऱ्याला?"

"शाई, पिंजरे आणि सकाळी साडेनवाच्या आत शेडमध्ये वावर. तिन्ही एकाच घराकडे आहेत."

मॅडमनी चष्मा काढला. "राही, ते दोघं या रक्ताची वाट बघत होते. स्वतःच्या मुलाचा निकाल कोण बुडवेल?"

ते त्यांनाच विचारायला हवं होतं. आणि धाऊकाका, बाईजामावशी त्या दिवशी कामावर आली नव्हती.

५

शनिवारी मी एकटीच गेले. धसईला एसटीतून उतरून पुढे पाऊण तास बांधावरून चालत. काही खाचरांत भात कापून आडवा घातला होता, आणि एका खाचरात अर्ध्यावर विळे तसेच पडले होते. कापणी अशी सोडून लोक कधी उठतात ते मला तिथेच कळायला हवं होतं.

अंगणात बाया बसल्या होत्या. कुणी मोठ्याने रडत नव्हतं. पुरुष नदीवरून अजून परतले नव्हते. रंजिता पहाटे गेली होती.

मी बायांच्या मागे बसले. बाईजामावशी भिंतीला टेकून होती. माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि नजर घराच्या पाठीमागे नेली. एवढंच.

मी पाणी प्यायला म्हणून मागे गेले. दावणीला शेळी नव्हती, गोठ्यात शेळीचा मागमूसही नव्हता. कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं पालथं होतं आणि बाजूला लहान भाऱ्यातलं गवत. मी डालगं थोडं उचललं. पांढरा ससा शांतपणे चघळत होता. कपाळाला हळद, दोन्ही कानांच्या टोकांना हळद. डाव्या कानाच्या शिरेवर सुईचे चार जुने व्रण होते. अकरा नंबरचं रक्त आम्ही तोवर चार वेळा कानातून काढलं होतं.

मी डालगं परत ठेवलं.

अंगणात येऊन बसले. थोड्या वेळाने पुरुष आले. भाविक सगळ्यांत मागे, ओल्या कपड्यांत, हातात काहीच नसल्यासारखा. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. त्याचे डोळे रंजिताच्या फोटोतल्यासारखेच होते.

कुणालाही काही न विचारता मी परत फिरले. त्याच संध्याकाळी मॅडमना फोनवर एवढंच सांगितलं, ससा जिवंत आहे, शेखरदादाचा दोष नाही, आणि दहावं होईपर्यंत थांबूया. मॅडम थांबल्या.

६

बाराव्या दिवशी बाईजामावशी एकटी आली. डोक्यावर पाटी, पाटीवर फडकं. पाटी तिने माझ्या टेबलाशेजारी जमिनीवर ठेवली. फडक्याखाली अकरा नंबर होता. हळद धुतलेली होती.

"नवस फळला नाय," ती म्हणाली. "आता तुमचा हाय तो."

मी तिला खुर्ची दिली. ती जमिनीवरच बसली, म्हणून मीही बसले. शेखरदादा आला आणि दारातच थांबला.

"मावशी, हाच ससा का?"

"मॅडमच बोलल्या ना, पावण्यांना दाखवताना. अकरा नंबर लाखात एक हाय, असा दुसरा नाय. देवाला द्यायचा तर लाखातला एकच द्यावा लागतो. उरलंसुरलं देऊन पोरीचा जीव कसा मागनार?" ती सावकाश बोलत होती. "त्याच्या कपाळाला हळद लावली, देवाच्या नावानं सोडला. सोडलेल्याला सुई लावायची नाय. मग त्या गुरुवारी तुमी त्याला मारनार म्हनल्यावर काय करू?"

"नंबर कुणी घातला?"

"मीच. मला लिवता येत नाय, पर अकरा म्हंजे दोन काठ्या, तेवढं येतंय. खोबरेलानं चारचा पुसला, दोन काठ्या मारल्या. अकराला गवताच्या पाटीतनं घरी नेला. ह्यांना घरी गेल्यावर कळलं. बोलले पन मला. मग चार मेला असं सांगायचं ठरलं."

"मग आम्हाला का नाही सांगितलं?"

"नवस फळायच्या आधी बोलत नाय, बाय. बोलला की गेला." ती शेखरदादाकडे वळली. "तुला काढनार असं ऐकल्यावर मला झोप नव्हती रे भाऊ. पर एका हाती तू, दुसऱ्या हाती रंजी."

शेखरदादा म्हणाला, "मला काढलं नाय, मावशी. हितंच हाय." आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

माझा प्रश्न अजून राहिला होता. तो विचारताना माझाच आवाज मला नकोसा वाटला. "पण मावशी, भाविकची तपासणी याच सशाच्या रक्ताने व्हायची होती. ते माहीत असून?"

ती पाटीतल्या सशाकडे वळली.

"सशाच्या?"

"हो."

"मला कुनी सांगितलं?" तिने विचारलं. त्यात तक्रार नव्हती, ती खरोखरच आठवून बघत होती. "रक्त रंजीचं घेतलं. गाठ रंजीची काढली. तपासनी मुंबईला हाय म्हनाले. ससे कशाला ते मला काय माहीत? मला वाटलं, औषधाच्या कारखान्याला जात असतील. मी तुला पन विचारलं ना, कसली गडबड म्हनून."

एक बाटली खराब झाली, मी म्हणाले होते.

जूनपासून मी त्या बाईशी रोज बोलत होते. गवत ओलं आहे का, पाणी बदललं का. कॉलेजची मुलं बघायला आली की त्यांना फळ्यावर आकृती काढून सगळं समजावत होते, नक्कल, चूक, दुरुस्ती. ती तेव्हा मागे झाडू मारत असायची. चित्र तिच्याच घराचं होतं आणि तिला बाजूला व्हायला सांगून मी ते इतरांना दाखवत होते. सगळे पुरावे मी नीट जुळवले होते, फक्त हा एक माझ्याकडूनच राहून गेला होता.

मग मी तिला सगळं सांगितलं. फळ्यावर नाही, जमिनीवर बसून. बराच वेळ लागला.

"म्हंजे तेव्हाच हा तुमच्याकडं असता, तर रंजी..."

"नाही," मी म्हणाले. हे खरं होतं, म्हणून लगेच म्हणाले. "रंजिताला याचा उपयोग नव्हता. हे भाविकसाठी होतं. अजूनही आहे."

"मग घे. मारनार?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या कधी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या ते आम्हाला कळलं नव्हतं.

"एकदम सगळं हवं ही घाई माझी होती," मॅडम म्हणाल्या. "एका मुलाच्या निकालाला कानातलं थोडंसं पुरतं. मारणार नाही, बाईजा. कधीच नाही."

७

कानातून काढलेल्या रक्ताची आधी बशीत परीक्षा घेतली. रेघ या वेळी योग्य बाजूला उमटली. डिसेंबरात रुग्णालयाने रंजिताच्या गाठीचा रंगवलेला कापही काचेवर पाठवला.

बाईजामावशीने बघायचं म्हटलं. मी सूक्ष्मदर्शकापुढे स्टूल ठेवलं, एक डोळा मिटायला शिकवलं.

"निळं दिसतंय मधी."

"ती गाठ."

"आन भोवती लाल मातीवानी?"

"तेही रंजिताचंच. चांगलं राहिलेलं."

ती बराच वेळ डोळा लावून बसली. मी काच हलवली नाही.

जानेवारीत भाविकची दुर्बिणीने तपासणी झाली. आतड्यात दोन लहान कोंभ होते, गाठ व्हायच्या आधीचे. तेव्हाच काढले. आता त्याला दरवर्षी जावं लागेल, आयुष्यभर. तो जातो.

कोंभ काढल्याची खबर आली त्या संध्याकाळी मी शेडची वही दुरुस्त करायला घेतली. चुकीची नोंद खोडायची नसते. एक रेघ मारायची, बाजूला बरोबर लिहायचं आणि सही करायची. बाईजामावशी अकराच्या पिंजऱ्यात गवत टाकत होती.

"काय लिवतेस गो?"

"अकरा नंबर मेला असं लिहिलेलं आहे. ते बरोबर करतेय."

"वाच."

मी वाचलं. "अकरा, जिवंत."

"आन चारचं?"

"चार, गुरुवारी, रक्त काढताना गेला."

ती गवताची मूठ तशीच धरून उभी राहिली.

"देवाला मी फसवलं नाय," ती म्हणाली. "पर चारला फसवलं. त्याच्या कपाळाला कुनीच काय लावलं नाय."

मग तिने ती मूठ चारच्या रिकाम्या पिंजऱ्यात टाकली, दार लावलं, आणि शेवटच्या एसटीसाठी निघाली. मी नोंदीखाली सही केली.